गृह-स्वयंचलन बस प्रणाली आणि नियंत्रक सर्व्हर : एकत्रीकरणाचा इतिहास (१९६६ ते २०२२)

सारांश :
घरातील दिवे, पडदे, तापयंत्रणा इत्यादींना एका सामाईक तारेने जोडणारी ‘बस’ प्रणाली आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा सर्व्हर यांचा उगम वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी झाला. युरोपातील ईआयबी व तिच्यातून विकसित झालेली केएनएक्स ही प्रणाली केंद्रस्थानी ठेवून या दोहोंचे एकत्रीकरण कसे घडले, त्यात कोणत्या अडचणी आल्या आणि घराच्या कारभाराची सूत्रे त्यामुळे कोणाच्या हाती गेली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. सर्व्हर बंद पडला तरी घर चालले पाहिजे, हे तत्त्व या इतिहासातून निष्पन्न होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : गृह-स्वयंचलन, बस प्रणाली, ईआयबी, केएनएक्स, सर्व्हर, विकेंद्रीकरण.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे रेल्वे, तारायंत्र, छापखाना, गिरणी अशा सार्वजनिक जीवनातील साधनांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेले आहे. घराच्या भिंतीआड चालणाऱ्या तंत्रज्ञानाचा इतिहास त्यामानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक, सत्ता कोठे केंद्रित असावी, कारभाराचे दप्तर कोणी सांभाळावे, माहितीवर हक्क कोणाचा, हे इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेले प्रश्न घरातील विजेच्या तारांच्या संदर्भातही तितकेच महत्त्वाचे ठरतात.

‘बस’ ही संज्ञा प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रवासी गाडीसाठी आपण वापरतो तो ‘बस’ शब्द आणि विद्युत अभियांत्रिकीतील ‘बस’ यांचे मूळ एकच आहे. लॅटिन भाषेतील ‘ओम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’, या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. ज्या वाहिनीवर अनेक उपकरणे समान हक्काने जोडलेली असतात आणि जिच्यावरून कोणीही संदेश पाठवू शकतो व कोणीही तो ऐकू शकतो, ती बस. याउलट, माहिती साठवणारा, निर्णय घेणारा आणि इतरांच्या मागण्या पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. पहिल्याची प्रकृती विकेंद्रित आहे, तर दुसऱ्याची केंद्रीकरणाकडे झुकणारी. या दोन भिन्न प्रकृती एकत्र आल्या तेव्हा काय घडले, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका : दोन स्वतंत्र वंशावळी

घरातील सर्व्हरची वंशावळ अमेरिकेत सुरू होते. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता जिम सदरलँड याने १९६६ मध्ये ‘एको-४’ नावाचा संगणक स्वतःच्या घरासाठी तयार केला. तो कधीही विक्रीस आला नाही. १९६९ मध्ये हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ नीमन मार्कस या दुकानाच्या सूचिपत्रात १०,६०० डॉलर किमतीला झळकला, परंतु त्याला गिऱ्हाईक मिळाल्याची नोंद आढळत नाही. या प्रयत्नांतील मुख्य उणीव अशी, की संगणक घरात आला, तरी घरातील दिवे आणि यंत्रे यांच्यापर्यंत त्याचा हुकूम नेणारी सामाईक आणि स्वस्त वाहिनी उपलब्ध नव्हती. मेंदू होता, पण मज्जातंतू नव्हते.

मज्जातंतूंची वंशावळ स्कॉटलंडमध्ये सुरू झाली. ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धती विकसित केली. कंपनीचा हा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. नवी तार न ओढता घरातील वीजवाहिनीवरूनच संदेश पाठवावा, ही तिच्यामागील मूळ कल्पना होती. प्रत्यावर्ती विद्युतदाब शून्यावर येतो त्या क्षणी १२० किलोहर्ट्झ वारंवारतेचे स्पंद सोडले जात. १६ गृह-संकेत आणि १६ उपकरण-संकेत मिळून २५६ पत्ते उपलब्ध होत. १९७८ पासून अमेरिकेतील रेडिओ शॅकसारख्या दुकानांतून ही उपकरणे सर्वसामान्यांना मिळू लागली.

एक्स-१० ची मर्यादा मात्र मूलगामी होती. तिची बहुतांश उपकरणे केवळ हुकूम ऐकणारी होती. दिवा खरोखर लागला की नाही, हे उलट सांगण्याची सोय त्यांच्यात नव्हती. १९९० च्या दशकात संगणकाच्या सिरियल पोर्टाला जोडण्याची साधने आली आणि ‘मिस्टरहाउस’सारखी मुक्त आज्ञावली हौशी मंडळींनी वापरात आणली. तरीही संगणकाचे ज्ञान अनुमानावरच आधारलेले राहिले. आपण हुकूम पाठवला म्हणजे तो पाळला गेला असेलच, असे त्याला गृहीत धरावे लागे. प्रतिसादाची तरतूद नसेल तर एकत्रीकरण अपूर्णच राहते, हा या टप्प्याचा धडा होय.

३. युरोपातील बस : ईआयबी ते केएनएक्स

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात एकाच वेळी तीन प्रवाह वाहू लागले. फ्रान्समध्ये ‘बाटीबस’, युरोपीय समुदायाच्या संशोधन कार्यक्रमांतून ‘युरोपियन होम सिस्टिम्स’ आणि जर्मनीतील स्विच-उत्पादकांच्या पुढाकाराने ‘युरोपियन इन्स्टॉलेशन बस’ अर्थात ईआयबी. सीमेन्स, गिरा, युंग, मेर्टेन यांसारख्या, एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या यात एकत्र आल्या. १९९० मध्ये ब्रुसेल्स येथे ईआयबी संघटनेची स्थापना झाली. १९९९ मध्ये या तीनही प्रवाहांच्या संघटनांनी मिळून ‘कॉनेक्स’ ही संघटना उभारली. तिची ‘केएनएक्स’ ही प्रणाली २००३ मध्ये ईएन ५००९० या युरोपीय मानकात आणि २००६ मध्ये आयएसओ/आयईसी १४५४३-३ या आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली.

या प्रणालीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही. परस्परांभोवती पिळलेल्या दोन तारांमधून सुमारे ३० व्होल्ट एकदिश दाबाने उपकरणांना वीज मिळते आणि त्याच तारांवरून सेकंदाला ९६०० बिट या गतीने संदेश जातात. या संदेशांना ‘टेलिग्राम’ असेच नाव आहे. भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण हा शब्द अशा रीतीने इमारतींच्या भिंतींमध्ये टिकून राहिला. बसच्या एका विभागात ६४ उपकरणे बसतात. अशा १५ वाहिन्यांचे एक क्षेत्र आणि अशी १५ क्षेत्रे, असा या व्यवस्थेचा विस्तार कल्पिलेला आहे.

परंतु तिचे खरे वैशिष्ट्य पत्त्यांच्या कल्पनेत आहे. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा एक पत्ता असतो, पण दैनंदिन व्यवहार त्या पत्त्यावर चालत नाही. तो ‘गट-पत्त्या’वर चालतो. भिंतीवरचे बटण दाबले असता ते कोणत्याही विशिष्ट दिव्याला हुकूम देत नाही. ते फक्त ‘गट-पत्ता १/२/३ : चालू’ असा पुकारा करते. ज्या ज्या उपकरणांना हा गट-पत्ता नेमून दिलेला आहे, ती सर्व प्रतिसाद देतात. पाठवणाऱ्याला ऐकणारे कोण आहेत हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. दोन उपकरणांनी एकाच क्षणी बोलण्यास आरंभ केला तर त्यांपैकी एक आपोआप माघार घेते आणि दुसऱ्याचा संदेश अबाधित राहतो. येथे कोणी पंच नाही, कोणी मुख्य नियंत्रक नाही. निर्णयशक्ती प्रत्येक उपकरणातील लहानशा सूक्ष्मनियंत्रकात वाटलेली आहे. एखादे उपकरण निकामी झाले तर तेवढेच बंद पडते, उर्वरित घर चालू राहते. ही रचना सर्व्हरवाचून चालावी अशीच योजलेली होती.

४. सर्व्हरची आवश्यकता का भासली ?

सर्व्हरवाचून चालणाऱ्या व्यवस्थेत सर्व्हरचा प्रवेश झाला तो तिच्या काही अंगभूत उणिवांमुळे. त्यांपैकी पहिली उणीव स्मृतीची. टेलिग्राम बसवरून जातो आणि विरतो. काल रात्री तापयंत्रणा किती वेळ चालली, हे बस सांगू शकत नाही. दुसरी उणीव गुंतागुंतीच्या निर्णयांची. ऋतू, सूर्यास्ताची वेळ, विजेचा दर आणि घरातील माणसांची उपस्थिती यांचा एकत्रित विचार करून पडदे पाडावेत की नाही, हे ठरवणे बटणातील सूक्ष्मनियंत्रकाच्या आवाक्याबाहेरचे होते. तिसरी उणीव बाह्य जगाशी संपर्काची. इंटरनेट व त्यानंतर स्मार्टफोन यांच्या प्रसारामुळे दुरून घर पाहण्याची व हाताळण्याची मागणी वाढली.

उत्पादकांनी २००० च्या दशकात गिरा कंपनीच्या ‘होमसर्व्हर’सारखी तयार उत्पादने बाजारात आणली. याच काळात व्हिएन्ना तंत्रशास्त्र विद्यापीठात ‘ईआयबीडी’ ही मुक्त आज्ञावली तयार झाली. तिचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. बस आणि संगणक यांना जोडणाऱ्या अनेक दुव्यांना एका वेळी एकच जोडणी स्वीकारता येत असे. एक आज्ञावली जोडली की दुसरीला दार बंद. ईआयबीडी ही एकच जोडणी स्वतःकडे घेऊन अनेक आज्ञावलींमध्ये वाटून देई. पुढे तिची परंपरा ‘केएनएक्सडी’ या नावाने इतरांनी चालू ठेवली. विद्यापीठीय संशोधन व्यापारी उत्पादनाच्या मर्यादेवर कशी वाट काढते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बसला संगणक-जाळ्याशी जोडण्याची अधिकृत पद्धती ‘केएनएक्सनेट/आयपी’ म्हणून रूढ झाली. तिचे दोन प्रकार आहेत. ‘टनेलिंग’मध्ये सर्व्हर एका दुव्याशी थेट जोडणी करतो, प्रत्येक संदेशाची पोच मिळते आणि जोडणी जिवंत असल्याची खात्री ठरावीक काळाने केली जाते. ‘राउटिंग’मध्ये संदेश जाळ्यावर एकाच वेळी अनेकांसाठी प्रसारित होतो, म्हणजेच बसचे ‘सर्वांसाठी’ हे मूळ तत्त्व तेथे कायम राहते. २०१० मध्ये जर्मनीत सुरू झालेली ‘ओपनहॅब’ आणि २०१३ मध्ये सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालींनी हा मार्ग वापरून केएनएक्सला इतर शेकडो प्रकारच्या उपकरणांच्या पंक्तीला बसवले.

५. एकत्रीकरणातील मूळ समस्या : दप्तर कोणाकडे ?

तारा जुळल्या म्हणजे एकत्रीकरण झाले, अशी समजूत असू शकते. वस्तुतः खरी अडचण अर्थाची आहे. केएनएक्सच्या टेलिग्राममध्ये पत्ता असतो, मूल्य असते, परंतु ते मूल्य कशाचे, हे त्यात लिहिलेले नसते. उदाहरणार्थ, दोन बाइटांचे एक मूल्य साधी पूर्ण संख्या म्हणून वाचले तर ३०९८ होते. तेच मूल्य तापमानासाठी ठरवलेल्या प्रकारानुसार वाचले तर २१ अंश सेल्सिअस होते. सर्व्हरला कोणता गट-पत्ता कोणत्या खोलीचा आणि कोणत्या प्रकारचा, याची यादी बाहेरून पुरवावी लागते.

ही यादी असते ‘ईटीएस’ या आज्ञावलीच्या प्रकल्प-संचिकेत. ईटीएसची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये आली आणि तेव्हापासून केएनएक्सची बहुतांश मांडणी तिच्यातूनच केली जाते. कोणते बटण कोणत्या दिव्याशी संबंधित, याची संपूर्ण नोंद या संचिकेत असते. ती सामान्यतः मांडणी करणाऱ्या तंत्रज्ञाच्या संगणकावर राहते. तंत्रज्ञाने ती घरमालकाला दिली नाही, अथवा ती हरवली, तर घर चालू राहते, पण त्याचा अर्थ हरवतो. नवा तंत्रज्ञ किंवा नवा सर्व्हर आला की प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक टेलिग्राम ऐकून तो अर्थ पुन्हा शोधावा लागतो. आपल्याकडील गावगाड्यात जमीन कसणारा एक आणि तिची नोंद ठेवणारा कुलकर्णी दुसरा असे. दप्तर ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा ठरे. मालकी आणि दप्तर यांची हीच फारकत या आधुनिक तंत्रज्ञानातही दिसून येते.

दुसरी समस्या स्थितिज्ञानाची आहे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की कोणता दिवा चालू व कोणता बंद, हे त्याला माहीत नसते. यासाठी हुकुमाचा गट-पत्ता आणि स्थितीचा गट-पत्ता वेगळे ठेवण्याची प्रथा पडली आणि ज्या उपकरणांना तशी मुभा दिली असेल ती विचारणा केल्यावर आपली स्थिती सांगू लागली. परंतु बसची क्षमता सेकंदाला सुमारे ५० टेलिग्राम एवढीच आहे. सर्व्हरने सुरू होताच शेकडो विचारणा एकदम केल्या तर बस तुंबते आणि भिंतीवरचे बटण दाबणाऱ्या माणसाला दिव्यासाठी ताटकळावे लागते. म्हणून सर्व्हरने आपल्या विचारणांना स्वतःच मर्यादा घालून घ्यावी, असा संकेत रूढ झाला. वेगवान सर्व्हरने मंद बसच्या गतीने चालावे, हे या एकत्रीकरणातील महत्त्वाचे पथ्य ठरले.

६. संकटांचा कालखंड : २०१४ ते २०२२

ईआयबीची रचना झाली तेव्हा बस भिंतीच्या आत होती. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी घरात शिरावे लागे. त्यामुळे बोलणाऱ्याची ओळख पटवण्याची तरतूद टेलिग्राममध्ये ठेवलेली नव्हती. सर्व्हर व संगणक-जाळे यांच्या आगमनाने हे गृहीतक मोडले, पण ते मोडल्याची जाणीव बऱ्याच उशिरा झाली. २०१४ मध्ये लास वेगास येथील ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत येसूस मोलिना या संशोधकाने चीनमधील शेन्झेन येथील एका आलिशान हॉटेलचे उदाहरण मांडले. तेथे पाहुण्यांना दिलेल्या टॅब्लेटचे संदेश अभ्यासून दोनशेहून अधिक खोल्यांतील दिवे, पडदे व तापमान यांवर ताबा मिळवता येतो, हे त्याने दाखवून दिले.

२०२१ मधील जर्मनीतील घटना अधिक बोलकी आहे. एका कार्यालयीन इमारतीतील केएनएक्स व्यवस्था इंटरनेटवर असुरक्षित रीतीने उघडी राहिली होती. हल्लेखोरांनी तीन-चतुर्थांश उपकरणांतील मांडणी पुसून टाकली आणि उपकरणांच्या संरक्षणासाठीच योजलेला संकेतशब्द स्वतः बसवून मूळ चालकांना बाहेर काढले. इमारतीतील दिवे चालवण्यासाठी मुख्य फलकावरील विद्युतखटके हाताने वरखाली करण्याची वेळ आली. पुढे सुरक्षातज्ज्ञांनी तो संकेतशब्द शोधून काढला व व्यवस्था पूर्ववत केली. येथे दोष बसच्या विकेंद्रित रचनेचा नव्हता, तर तिला बाहेरच्या जगाशी जोडताना दाखवलेल्या बेफिकिरीचा होता. दरम्यान ‘केएनएक्स सिक्युअर’ ही कूटबद्ध पद्धती विकसित होऊन २०१९ मध्ये आयएसओ २२५१० या मानकात तिच्या आयपीवरील भागाला स्थान मिळाले होते. परंतु मानक निघाले म्हणून आधीच भिंतींत बसलेली उपकरणे आपोआप सुरक्षित होत नाहीत.

याच काळात दुसऱ्या प्रकारचे संकटही उद्भवले. घरातील सर्व्हरचे काम हळूहळू कंपन्यांच्या दूरस्थ सर्व्हरकडे गेले. ‘रिव्हॉल्व’ या गृहनियंत्रकाची कंपनी नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. उपकरण सुस्थितीत असूनही निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. या दोन घटनांतील फरक मात्र लक्षणीय आहे. २००५ मध्ये आलेली इन्स्टिऑनची उपकरणे वीजवाहिनी व रेडिओलहरींवरून परस्परांशी थेट बोलू शकत होती. म्हणून ॲप निकामी झाले तरी परस्परांशी थेट जोडलेले स्विच व दिवे चालू राहिले. ज्यांच्याकडे होम असिस्टंटसारखा घरातलाच सर्व्हर होता, त्यांना नियंत्रणही पुन्हा मिळवता आले. जून २०२२ मध्ये ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेतली. बसचे जुने विकेंद्रित तत्त्व संकटकाळी कसे उपयोगी पडते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

आणखी एका बाबीचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. सर्व्हरने घराला स्मृती दिली, असे वर म्हटले आहे. परंतु कोणत्या खोलीतील दिवा किती वाजता लागला, याच्या वर्षभराच्या नोंदी म्हणजे त्या घरातील माणसांच्या दिनचर्येची बखरच होय. बसला स्मृती नव्हती, तेव्हा हा प्रश्नही नव्हता. नोंद कोठे राहते, घरात की परक्या कंपनीच्या संगणकात, यावर तिचे साधन होणे किंवा शस्त्र होणे अवलंबून आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) गृह-स्वयंचलनातील बस व सर्व्हर यांचा इतिहास एकरेषीय नाही. मेंदू असलेला पण मज्जातंतू नसलेला एक प्रवाह आणि मज्जातंतू असलेला पण मेंदू नसलेला दुसरा प्रवाह, असे ते दीर्घकाळ वेगळे वाहिले.

२) ईआयबी व केएनएक्स यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय, स्पर्धक उत्पादकांनी स्वीकारलेल्या समान मानकाबरोबरच, निर्णयशक्ती उपकरणांत वाटून देणाऱ्या रचनेला द्यावे लागते.

३) यशस्वी एकत्रीकरणात सर्व्हर हा बसवरील अनेक श्रोत्यांपैकी एक असतो. दिवा लावणे, दार उघडणे यांसारख्या मूलभूत क्रिया त्याच्या मार्फत जाऊ लागल्या की घर पराधीन होते. सर्व्हरने सोयी वाढवाव्यात, गरजा अडवू नयेत.

४) एकत्रीकरणाची खरी किल्ली प्रकल्प-संचिकेत आहे. तिच्यावर घरमालकाचा हक्क मान्य झाल्याशिवाय त्याची मालकी पूर्ण होत नाही.

५) बंदिस्त वातावरणासाठी रचलेली प्रणाली खुल्या जाळ्याला जोडताना तिची मूळ गृहीतके नव्याने तपासणे अनिवार्य आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. १९९० च्या दशकात युरोपात उभ्या राहिलेल्या अशा इमारती आता दुरुस्तीला येत आहेत. त्यांच्या भिंतींमधील तारा शाबूत आहेत, पण त्यांचा अर्थ सांगणाऱ्या संचिका जपल्या जातीलच याची शाश्वती नाही. जुन्या कागदपत्रांच्या जतनाबाबत आपण जी दक्षता बाळगतो, ती या नोंदींबाबतही बाळगली पाहिजे. इमारत ताब्यात घेताना चाव्या, नकाशे आणि मीटरची नोंद यांची पोच घेतली जाते. त्या यादीत प्रकल्प-संचिका व तिचे संकेतशब्द यांचाही समावेश व्हावा, एवढी एक साधी व्यवहार्य सूचना येथे करावीशी वाटते.